टेकाडावरच्या काठ्या

बारामती,
९ मे

चि. दादासाहेब यास अनेक आशीर्वाद.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. रविवारपासून रोज करते आहे. काल सारजाने उचलला, "ते रानात हाईत" म्हणाली आणि ठेवून दिला. मागे तुझा खोकला स्पष्ट ऐकू आला. रानात गेलेला माणूस घरात खोकत नाही. आलेल्या पत्राला उत्तर लिहिल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, हा आप्पांचा नियम तू आजवर पाळलास. आताही पाळ. दुधाच्या गाडीवरचा ऋषिराज हे पत्र आणून देईल. उत्तर त्याच्याच हाती पाठव.

रागाचं कारण मला कळतं. सारजाने चिलापी माशाचं कालवण करून ठेवलं होतं आणि मी दुपारची एस.टी. गाठायची म्हणून न जेवता निघाले. चुकलं. पण त्यावर आठवडाभर फुगून बसायला तू आता लहान नाहीस.

कामाचं लिहिते. धरणाचं पाणी उतरलं की आपल्या वस्तीसमोर जे टेकाड उघडं पडतं, त्यावर यंदा नदी सुरयांनी अंडी घातली आहेत. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, पाण्यावर घिरट्या घालून मासा उचलतात ते पक्षी. घरटं म्हणजे खड्यांतला नुसता खळगा. अंडी खड्यांसारखीच दिसतात, त्यामुळे पाय पडेपर्यंत कळत नाही. कडेला दोन-चार टिटव्याही आहेत. रविवारी तुझ्या उत्कर्षाने मला होडीतून तिथे नेलं, तर पुण्याहून आलेला एक फोटोवाला अंड्यांच्या ऐन मधोमध पालथा पडून होता. सगळे पक्षी वर कलकलत होते आणि अंडी मेच्या उन्हात उघडी. असं थोडा वेळ जरी राहिलं तरी आतलं पिलू शिजतं. मी त्याला उठवलं. कसं उठवलं ते उत्कर्षाला विचार.

नंतर तुझ्या गोठ्यामागे टोमॅटोच्या काठ्या पडल्या होत्या, त्या नेऊन आम्ही टेकाडाभोवती रोवल्या. माझी जुनी लाल साडी फाडून प्रत्येकीला पट्टी बांधली, म्हणजे लांबून दिसेल. पिलं उडेपर्यंत, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत, काठ्यांच्या आत कुणी जाऊ नये. एवढंच बघ. होडीवाल्यांनाही सांग.

सारजाला आशीर्वाद.

तुझी अक्का,
राजेश्वरी


वस्ती,
१० मे

ती. आक्कास दादासाहेबचा शिरसाष्टांग नमस्कार.

कालवणाचा राग न्हाय. कालवण आमी खाल्लं, संपलं.

तू धरण व्हायच्या आधीच शिकायला भाईर पडलीस. धरणानंतर हितला कारभार कसा चालतो ते तुला ठावं न्हाय, हे मी समजू शकतो. पण रोवायच्या आधी विचारायचं तरी. मी घरातच हुतो.

पाणी उतरलं की ज्याची जिथं जमीन बुडाली, त्यानं तिथं काठी रोवायची आन लाल फडकं बांधायचं. काठीच्या आतली गाळपेर, म्हंजी उघड्या गाळातलं पीक, त्याची. कागद कचेरीत हुत्यात, काठावर काठीच चालती. आन ज्यानं रोवली त्यानंच ती उपटायची. दुसऱ्याची काठी उपटणं म्हंजी दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. एवढ्या वर्षांत हितं गाळपेरीवरनं एक डोकं फुटलं न्हाय, ते ह्यामुळं.

ते टेकाड सावळारामचं हाय. त्याच्या बापाचं खळं हुतं तितं. आन तू भर दिवसा, माझ्या पोरीला घिऊन, माझ्या गोठ्यातल्या काठ्यांनी ते टेकाड घेरलंस. वर लाल फडकं!

रविवारी संध्याकाळीच सावळाराम दारात आला. आत ये म्हणलं तर येईना. म्हणाला, "दादासाहेब, बहिणीला वाटा द्यायचा तर तुमच्यातला द्या की. माझ्यातला कशाला?"

मी म्हणलं, "आवो, तिला काय वाटा पायजे? पाखरांसाठी रोवल्यात म्हणं."

तो म्हणाला, "आस्सं. पाखरं सातबारा मागाया लागली व्हय?"

डेअरीवर आता हेच चाललंय. लोकं म्हणत्यात, दादासाहेबानं बहिणीला पुढं केलं. दुसरे म्हणत्यात, बहीणच वाटा मागाया आली, भावाकडनं मिळंना म्हणून शेजाऱ्याकडं शिरली.

आक्का, तू हक्कसोड लिहून दिलीस त्याला लई वर्षं झाली. आता मनात दुसरं काय आलं असंल तर मला तोंडावर सांग. दुसऱ्याच्या रानात काठी रोवून सांगू नगं.

येऊन उपटून जा. माझ्याच्यानं उपटता येत न्हायत.

तुझा
दादासाहेब


बारामती,
१२ मे

चि. दादासाहेब यास आशीर्वाद. "अनेक" हा शब्द या वेळी वगळला आहे.

हक्कसोडीवर मी वाचून सही केली होती. बी.एस्सी. झाल्यावर निदान एवढं तरी येतं. केलेली सही मी विसरत नाही आणि तिच्याकडे वळूनही पाहत नाही. मला तुझी जमीन नको, सावळारामची नको, कुणाचीच नको. हे तुला लिहून कळवावं लागलं, याचं मला वाईट वाटलं. एवढं पुरे.

आता मला काय हवं आहे ते नीट वाच. मागच्या वर्षी हेच सुरय टेकाडाच्या खालच्या अंगाला बसले होते. मे संपता संपता मी आले तेव्हा तिथे नांगर फिरून गेला होता. मी त्या सऱ्यांतून चालले. पक्षी अजून वरून घिरट्या घालत होते, खाली उतरायचे, सरीत बसून बघायचे, पुन्हा उडायचे. असं ते किती दिवस करत राहिले मला माहीत नाही, मी परत आले. यंदा ते वर टेकाडावर सरकले आहेत. त्याहून वर जागा नाही.

ती पिलं उडालेली मला बघायची आहेत. बाकी माझं काही मागणं नाही.

रिवाज माहीत नसताना मी काठ्या रोवल्या, ती चूक माझी. पण तूच लिहिलं आहेस की ज्याने रोवली त्यानेच उपटायची. म्हणजे मी येईपर्यंत त्या काठ्यांना कुणी हात लावणार नाही आणि आत नांगर जाणार नाही. मग मी जूनच्या मध्यापर्यंत येत नाही. सावळारामला हे असंच्या असं सांग.

तुझी अक्का


वस्ती,
१९ मे

ती. आक्कास नमस्कार.

उशीर झाला कारण लिहायसारखं तोंड नव्हतं.

तुझा निरोप सांगितला. सावळारामनं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आन म्हणाला, "बाई शिकलेली हाय. रिवाज लगीच शिकली. मग मी बी रिवाजानंच चालतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्यानं आमच्या पाइपावर काठी रोवलेली. तुला सांगतो काय ते. पाणी जसं मागं हटतं तशी मोटर पुढं न्यावी लागती, पाइप जोडत जोडत. आपला पाइप सावळारामच्या गाळातनं जातो. आजवर त्यानं कधी अडवला न्हाय आन मी कधी विचारलं न्हाय. आता त्या गाळात त्याची काठी उभी. पाइप हलवायचा म्हंजी काठीच्या आत पाय घालायचा. ते मला जमत न्हाय. मोटर चिखल वडाया लागली म्हणून बंद केली. ऊस दुपारचा माना टाकतोय. मी बांधावर जात न्हाय, बघवत न्हाय.

सारजा तुझं नाव निघालं की भांडी आपटती. उत्कर्षा म्हणती, आत्याचं बरोबर हाय. मी म्हणलं, मग जा, उसाला दुर्बीण दाखव जा. दोन दिवस आमचं बोलणं बंद हाय.

डेअरीवर रोज इचारत्यात, "कोण जितलं, पाखरं का ऊस?"

टेकाडाच्या अलीकडलं पाणी बी आता गुडघ्यापातूर आलंय. होडी लागत न्हाय, चालत जाता येतं. तुझे ते फोटोवाले काठ्या बघून लांबनंच फोटो काढत्यात, एवढं मात्र खरं.

तू माझी थोरली हायस. मी तुला हुकूम करू शकत न्हाय. पर आक्का, मी पाखरांचं काय वाकडं केलं हुतं?

दादासाहेब


बारामती,
२१ मे

श्री. सावळारामराव यांस सप्रेम नमस्कार.

मी दादासाहेबांची थोरली बहीण, राजेश्वरी. आपली ओळख लहानपणची आहे, पण टेकाडाबद्दल आपण कधी बोललो नाही, म्हणून सरळ लिहिते.

टेकाड तुमचं आहे. तिथे काठ्या मी रोवल्या, तुम्हाला न विचारता, रिवाज न जाणता. माझ्या भावाला त्यातलं काही माहीत नव्हतं. हवं तर माझा त्या जागेवर हक्क नाही असं मी कागदावर लिहून देते. माझ्या चुकीपायी त्याचा ऊस वाळू देऊ नका. पाइपावरची काठी काढा, ही विनंती.

दुसरी विनंती अशी की मला जूनच्या मध्यापर्यंत मुदत द्या. त्या दिवशी तुमच्यासमोर मी माझ्या काठ्या काढीन.

तिसरी गोष्ट आज सर्वांत निकडीची आहे. दादा लिहितो की टेकाडाच्या अलीकडचं पाणी गुडघाभर उरलं आहे. ते आणखी उतरलं की वस्तीवरची कुत्री आत जातील. अंडी आणि नुकती फुटलेली पिलं त्यांना आयती सापडतील. तुमचं रान तिथून जवळ आहे. कुत्री दिसली तर कृपा करून हाकला.

आपली,
राजेश्वरी


वस्ती,
२३ मे

राजेश्वरीबाईंना सावळारामचा नमस्कार.

पत्र मिळालं. एक दिवस उशिरा मिळालं.

कुत्री काल सकाळीच शिरली. मी काठावर हुतो. हातात काठी हुती, पायाशी दगडं हुती. तुमच्या काठ्यांच्या आत मी पाय घातला न्हाय. घातला असता तर दुसऱ्या दिवशी सगळ्या काठानं म्हणलं असतं, सावळारामनं दुसऱ्याची काठी मोडली, आता कोणी बी कोणाची मोडा. म्हणून भाईरनं दगडं मारली. घसा बसंस्तवर शिव्या दिल्या. कुत्र्याला रिवाज न्हाय. अलीकडल्या अंगाची अंडी त्यांनी खाल्ली. मधली आन पलीकडली ऱ्हायली, का तर पाखरांनी कुत्र्यांचे डोळे फोडायचं बाकी ठेवलं हुतं. एक पाखरू माझ्या टोपीवर चोच मारून गेलं. त्यानं मलाच कुत्रं समजलं.

तुमी मला लिहिता, "टेकाड तुमचं आहे." माझं असतं तर मी आत गेलो असतो.

कागद मला नको. कागद माझ्याकडं बी हायत, धरणात गेलेल्या जमिनीचे. मुदत बी देत न्हाय. काठ्या काढा. मग माझ्या रानात काय ऱ्हाईल आन काय न्हाय ते मी ठरवीन. आधी शब्द मागू नका. तुमची काठी उभी हाय तवर माझ्या शब्दाला काय किंमत?

येणार असाल तर दादासाहेबाला काठावर आणू नका. पोरीला बी नको. रोवली तुमी, काढणार तुमी.

सावळाराम


बारामती,
२४ मे, दुपार

चि. दादासाहेब यास आशीर्वाद.

सावळारामचं पत्र सोबत आहे, वाचून ठेव. मी उद्या पहिल्या एस.टी.ने भिगवणला उतरून येते. काठ्या काढणार आहे. त्याने शब्द दिलेला नाही. कदाचित मी शेवटची काठी काढीन आणि तो नांगर घालील. मला ते दिसतं आहे. पण माझ्याच काठ्यांनी त्याला कुत्र्यांपासून अडवून धरलं, हेही दिसतं आहे. माझ्या काठ्यांना एवढंच येत होतं.

तू काठावर येऊ नकोस. उत्कर्षालाही घरीच ठेव.

अक्का


वस्ती,
२४ मे, संध्याकाळ

आक्का,

ऋषिराज गाडी घिऊन बारामतीला परत निघालाय, त्याला थांबवून लिहितो. सावळारामनं दुपारीच ट्रॅक्टर टेकाडासमोर आणून उभा केलाय. मागं ट्रॉली, ट्रॉलीवर ताडपत्री गच्च बांधलेली. मी लांबनं म्हणलं, "काय आणलंय, सावळारामराव?" तर म्हणाला, "उद्या कळंल." नांगर न्हायतर रोटर असंल, दुसरं काय असणार? तुझी शेवटची काठी निघायची वाट बघतोय.

माझ्या उसापायी येत असशील तर येऊ नगं. मी टँकर बघतो. एक साल ऊस कमी आला तर मरत न्हाय. मागं जे हक्कसोडीचं लिहिलं ते लोकांचं ऐकून लिहिलं. तू ते मनावर घेतलंस हे मला तुझ्या "अनेक" वरनं कळलं.

दादा


बारामती,
२५ मे

चि. दादासाहेब यास अनेक आशीर्वाद.

तू काठावर आला नाहीस आणि मी घरी आले नाही, म्हणून काय घडलं ते लिहून कळवते. तुझी संध्याकाळची चिठ्ठी मला निघता निघता मिळाली होती. वाचली आणि तरी निघाले.

सावळाराम ट्रॅक्टरजवळ उभा होता. नमस्कार केला. मी चपला काढून चिखलातून टेकाडावर गेले. अलीकडच्या अंगाला कवचांचे तुकडे पडले होते. तिथे मी थांबले नाही. पहिल्या काठीला हात घातला तसे सुरय वर उठले आणि माझ्या डोक्यावर झेपा घालू लागले. त्यांच्या दृष्टीने फोटोवाला, कुत्रं आणि मी, सगळे सारखेच. मी डोक्यावर पदर घेतला आणि काठ्या काढत गेले. सावळाराम तोवर काठ्यांच्या रेघेबाहेर उभा होता, बुटाचं टोकसुद्धा आत नाही. शेवटची काठी चिखलात घट्ट बसली होती. ती ओढताना मोडली. मी बुडखा हाताने उकरून काढला.

"संपल्या," मी म्हटलं.

तो म्हणाला, "सगळ्या?"

"मोजून घ्या."

"तुमी म्हणता म्हंजी सगळ्या." मग त्याने बूट काढले आणि आत पाय ठेवला. दोन पावलं टाकून थांबला. "पुढं चला. तुमचं पाऊल जिथं पडंल तिथंच माझं. न्हायतर पायाखाली येत्याल."

मी त्याला अंडी दाखवली. मग पिलं. तीन-चार दिवसांची असतील, मान जमिनीला लावून गप्प पडली होती. त्याला दिसेनात. मी बोट अगदी जवळ नेलं तेव्हा म्हणाला, "ही व्हय? मला वाटलं शेरडाच्या लेंड्या."

मी म्हटलं, "हीच. यांच्यासाठी सगळं झालं."

"एवढ्याशांनी दादासाहेबाचा ऊस वाळवला?"

"ऊस तुम्ही वाळवलात."

तो हसला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं हसू. "बाई, तुमी भावासारख्या न्हाय. तो मनात ठेवतो." हे तुला कळावं म्हणून लिहिते.

मग तो खाली उतरला आणि ट्रॉलीची ताडपत्री सोडू लागला. मी वरून बघत होते. माझ्या हातात काठ्यांची मोळी होती. आत नांगर नव्हता. ट्रॉलीभर वेड्या बाभळीच्या काटेरी फांद्या होत्या. त्याने त्या ओढून ओढून टेकाडाच्या अलीकडे, जिथून कुत्री आली तिथे, काठापासून पाण्यापर्यंत कुंपण घातलं. मी हात लावायला गेले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. माझ्या रानाचं कुंपण हाय. पाखरांसाठी न्हाय. माझ्या रानात कुत्री शिरली, ते मला चालत न्हाय."

मी विचारलं, "नांगर कधी?"

"मिरगाला. जनावरांचं कडवळ पेरायला आदीच उशीर झालाय."

"मृगाला सगळी उडणार नाहीत. आर्द्रेला घाला."

"आर्द्रेला पाणी चढंल. मग पेरू काय, मासे?"

"सावळारामराव."

त्याने एक फांदी पायाने दाबून बसवली, तळहातातला काटा दातांनी उपसला आणि म्हणाला, "बघू." मी ताणलं नाही. "बघू" हा शब्द नव्हे, एवढं मला कळतं. मृगापर्यंत माझी झोप धड होणार नाही, तेवढं चालेल.

परत येताना त्याने मला ट्रॅक्टरवर बसवून भिगवणच्या थांब्यावर सोडलं. तुझ्या घरावरून गेलो. मी थांबवा म्हटलं होतं, पण त्या इंजिनापुढे माझा आवाज चालला नाही. सारजाला सांग, दुसऱ्यांदा न जेवता गेले. तिसऱ्यांदा जाणार नाही. उत्कर्षाशी बोलायला लाग.

आता देण्याघेण्याचं लिहून ठेवते, म्हणजे डेअरीवर कुणी विचारलं तर तुझ्या हाती असेल. टेकाडावरच्या टोमॅटोच्या काठ्या मी सगळ्या उपटून सावळारामच्या हाती दिल्या. त्यांतली एक मोडकी आहे, ती माझ्या हातून मोडली. काठ्या तुझ्या गोठ्यातल्या होत्या, तेव्हा त्या तू मला दिल्यास आणि मी त्याला दिल्या असं धर, परत मागू नकोस. माझ्या साडीच्या लाल पट्ट्या त्याने घेतल्या नाहीत. एकेक गाठ सोडून माझ्या पिशवीत टाकल्या. तुझ्या पाइपावरची त्याची काठी त्याने माझ्यासमोर उपटली आणि मला दिली. ती माझ्याकडे बारामतीला आहे. पाइप पुढे न्यायला तू मोकळा आहेस. माझी दुर्बीण मी ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवली. त्याने ती नको म्हटलं नाही.

निघायच्या आधी मी खाली पाण्यावर चिखल धूत बराच वेळ बसले होते; ट्रॅक्टर निघाला तेव्हा मागे बघितलं. टेकाडावर काठ्या पुन्हा उभ्या होत्या, माझ्याच भोकांत. फडकी लाल नव्हेत, पांढरी, त्याच्या जुन्या धोतराची.

अक्का